कुत्र्याची खाज आणि स्टेरॉइड: ‘हो’ म्हणण्याआधी मांडायचा हिशोब

जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस पडून गेला की पंधरा दिवसांत मुंबईतल्या व्हेटच्या बाकड्यांवर एकाच तक्रारीचे कुत्रे दिसायला लागतात. पंजे चाटतोय, कान खाजवतोय, रात्रभर गळपट्ट्याची कडी वाजत राहते, घरात कुणाला झोप नाही. इंजेक्शन होतं आणि संध्याकाळपर्यंत कुत्रा गाढ झोपतो. महिन्याभराने पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला बिल्डिंगमधलं कुणीतरी सांगतं, ‘अहो, ते स्टेरॉइड असतं’, आणि घाबरून घरात असलेल्या गोळ्याही त्याच दिवशी बंद होतात.

यात डोळे मिटून दर महिन्याला इंजेक्शन घेणं जितकं चूक, तितकंच गोळ्या एका दिवसात तोडणंही. स्टेरॉइडने कुत्र्याचं नुकसान होतं ते बहुतेक वेळा हिशोब न ठेवल्यामुळे: कोणतं औषध, किती मिलिग्रॅम, किती दिवस, वर्षात कितव्यांदा, आणि खाजेचं मूळ कारण काय. हा लेख तो हिशोब मांडायला शिकवतो. यातले डोस चिठ्ठी समजून घेण्यासाठी आणि डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारण्यासाठी आहेत. घरातली आजोबांच्या गोळ्यांची पट्टी काढून स्वतः सुरू करण्यासाठी नाहीत.

१. आधी नाव ओळखा

‘ॲलर्जीचं इंजेक्शन’, ‘खाजेची गोळी’ या नावांखाली काय दिलंय ते कळलंच पाहिजे. कुत्र्यांच्या त्वचेसाठी आपल्याकडे नेहमी वापरात असलेली नावं अशी: प्रेडनिसोलोन (वायसोलोन, ओम्नाकॉर्टिल), मिथाइलप्रेडनिसोलोन (मेड्रॉल), डेक्सामेथासोन (डेक्सोना), बीटामेथासोन (बेटनेसॉल), ट्रायॲमसिनोलोन (केनाकॉर्ट). शेवटी ‘सोन’ किंवा ‘लोन’ आलं की कान टवकारा. नुसत्या ‘ओन’वर मात्र जाऊ नका, सेफ्ट्रायॲक्झोन हे साधं अँटिबायोटिक आहे.

सगळ्यांची ताकद सारखी नसते. ५ मिग्रॅ प्रेडनिसोलोन म्हणजे साधारण ४ मिग्रॅ मिथाइलप्रेडनिसोलोन, आणि साधारण ०.७५ मिग्रॅ डेक्सामेथासोन. म्हणून ‘अर्ध्या मिलिग्रॅमची छोटीशी गोळी आहे’ या वाक्याला अर्थ नाही. शिवाय प्रेडनिसोलोनचा परिणाम दिवसभर, फार तर दीड दिवस राहतो. डेक्सामेथासोनचा दोन दिवसांहून अधिक रेंगाळतो. पुढे एकाआड एक दिवस गोळी द्यायची वेळ येते तेव्हा हाच फरक महत्त्वाचा ठरतो.

इंजेक्शनाच्या बाबतीत सिरिंजकडे नीट बघा. पाण्यासारखं स्वच्छ द्रव्य असेल तर ते बहुधा लवकर उतरणारं. दुधासारखं पांढरट, बाटली हलवून मग भरलेलं असेल तर ते साठून राहणारं, म्हणजे डेपो प्रकारचं असण्याची शक्यता मोठी. मिथाइलप्रेडनिसोलोन ॲसिटेटचा डेपो तीन ते सहा आठवडे झिरपत राहतो. गोळीने त्रास झाला तर उद्यापासून डोस कमी करता येतो. आत गेलेला डेपो बाहेर काढता येत नाही. तोंडाला हात लावू न देणारा कुत्रा सोडला, तर खाजेसाठी गोळीच मागा. सरळ विचारा: ‘डॉक्टर, हे डेपो आहे का? गोळीवर भागेल का?’ चांगला व्हेट या प्रश्नाने रागावत नाही.

मलमं आणि कानाचे थेंब लोक हिशोबात धरतच नाहीत. माणसांच्या गजकर्णासाठी मेडिकलवाल्याकडे मिळणाऱ्या तीन-चार औषधांच्या मिश्र मलमांत क्लोबेटॅसोलसारखं जोरदार स्टेरॉइड असतं. २०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत, घातली ती याच बेबंद वापरामुळे. कुत्र्याच्या बाबतीत अडचण दुप्पट, कारण तो मलम चाटतो. त्वचेवर लावलेलं पोटात जातं आणि चाटल्याने जखम ओली राहते ती वेगळीच. व्हेटने मलम दिलंच तर बोटाच्या टोकाएवढं, पातळ लावा, आणि पुढची वीस मिनिटं त्याला फिरवा किंवा गळ्यात कोन, म्हणजे चाटू न देणारी शंकूसारखी कॉलर, घाला.

आणि पुडी. कागदात गुंडाळलेल्या, नाव नसलेल्या गोळ्या कुणीही, कितीही विश्वासाने दिल्या तरी घेऊ नका. नाव आणि मिलिग्रॅम चिठ्ठीवर लिहून मागा.

२. खाज कुठे आहे ते बघा, मग कारण शोधा

हे पाऊल सगळ्यात जास्त वगळलं जातं आणि सगळ्यात महाग पडतं. स्टेरॉइड जवळपास कोणतीही खाज दाबतं, त्यामुळे ‘गुण आला’ याचा अर्थ ‘निदान बरोबर होतं’ असा होत नाही. उलट काही आजार त्याखाली मजेत वाढतात.

घरीच एक तपासणी करा. कुत्र्याला पांढऱ्या कागदावर उभं करा आणि शेपटीच्या मुळाशी उवांच्या बारीक फणीने विंचरा. पडलेले काळे कण ओल्या कापसावर चोळा. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. मातीचा डाग मातकटच राहतो. कंबर, शेपटीचं मूळ आणि मांड्यांची मागची बाजू कुरतडणाऱ्या कुत्र्यात पिसवांची ॲलर्जी पहिली आठवावी. पिसू दिसली नाही तरी.

कानाची पाळी कडेला धरून तिचीच घडी दोन बोटांत पाच सेकंद चोळा. मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलायला लागला, कोपरांवर खपल्या असतील, आणि घरात कुणाच्या पोटावर किंवा हातावर लाल पुरळ असेल, तर खरूज समजून व्हेटकडे जा. खरजेला स्टेरॉइड दिलं की चार दिवस बरं वाटतं आणि किडे वाढतात.

डेमोडेक्स हा दुसरा किडा. डोळ्यांभोवती, ओठांपाशी, पुढच्या पंजांवर केस जातात. सुरुवातीला खाज फारशी नसतेच. याला स्टेरॉइड म्हणजे आगीत तेल. त्वचा जरा खोल, रक्त झिरपेपर्यंत खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय तो नाकारता येत नाही. पिल्लाला केस गळून चट्टे पडले असतील तर हे खरवडणं झाल्याशिवाय स्टेरॉइडला हो म्हणू नका.

मुंबईच्या दमटपणात मॅलासेझिया नावाचं यीस्ट (एक बुरशी) आणि त्वचेत होणारा पू हे दोन पाहुणे कायमचे. यीस्ट असेल तर आंबूस, तेलकट वास येतो आणि बोटांच्या बेचक्यातले केस तपकिरी होतात. पू असेल तर पोटावर पुळ्या आणि गोल, कडेने साल सुटलेले चट्टे दिसतात. पारदर्शक चिकटपट्टी त्वचेवर दाबून ती रंगवून बघितली की पाच-दहा मिनिटांत दोन्ही कळतात. तपासणीआधी दोन दिवस आंघोळ घालू नका. पुरावाच धुऊन निघतो. कित्येक कुत्र्यांची अर्धी खाज या जंतूंचीच असते आणि शाम्पू-अँटिबायोटिकने ती गेल्यावर उरलेल्या खाजेला स्टेरॉइड लागतही नाही.

हे सगळं बाद झालं, खाज सहा महिने ते तीन वर्षांच्या वयात सुरू झाली, आणि पंजे, कान, तोंड, काखा, पोट याच जागा धरून बसली, तर हवेतल्या किंवा घरातल्या गोष्टींची ॲलर्जी, म्हणजे ॲटोपी. स्टेरॉइडचा विचार इथे रास्त ठरतो. अन्नाची ॲलर्जी दिसायला हुबेहूब अशीच. ती ओळखायला किमान आठ आठवडे पूर्वी कधी न खाल्लेल्या मांसावर काटेकोर राहावं लागतं. कामवाल्या मावशींनी प्रेमाने दिलेलं एक ग्लुकोज बिस्किटही त्यात विघ्न ठरतं, म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवा.

जवळच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शक नसेल तर परळला जा. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल, ज्याला टॅक्सीवाले अजूनही ‘बैल-घोडा हॉस्पिटल’ म्हणूनच ओळखतात, आणि तिथलंच १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय, ही त्यासाठीची जुनी ठिकाणं.

३. गोचीड-तापाची खात्री

याला वेगळा मथळा देतोय, कारण मुंबईत हे फार घडतं. कुत्र्याच्या अंगावर गेल्या महिन्यात गोचीड दिसली असेल, तो थोडा मलूल असेल, आणि वरून खाजही असेल, तर स्टेरॉइडच्या आधी रक्ताची तपासणी मागा: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), प्लेटलेटची संख्या, आणि काचपट्टीवर रक्ताचा थर घेऊन एर्लिकिया व बॅबेसिया या गोचिडीतून येणाऱ्या जंतूंचा शोध. स्टेरॉइडने ताप उतरतो, भूक लागते, कुत्रा उड्या मारतो आणि सगळ्यांना वाटतं बरा झाला. आत जंतू तसेच असतात. (गोचीड-तापातही काही वेळा व्हेट मुद्दाम स्टेरॉइड देतात, पण ते जंतूंचं औषध सुरू करून, वेगळ्या कारणासाठी.)

४. डॉक्टरांना आधी सांगायच्या गोष्टी

यातलं काहीही असेल तर विचारायची वाट न बघता सांगा: मधुमेह, कुशिंग (शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक जास्त होण्याचा आजार), स्वादुपिंडाची जुनी सूज, हृदयाचा आजार, गाभण कुत्री, डोळ्याला जखम, येत्या महिन्यात नसबंदी किंवा दुसरी शस्त्रक्रिया, नुकतंच झालेलं किंवा ठरलेलं लसीकरण.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुखण्याची गोळी. मेलोक्सिकॅम (मेलोनेक्स), कार्प्रोफेन यांपैकी काही सुरू असेल किंवा गेल्या आठवड्यात दिलं असेल तर स्टेरॉइड त्याच्यावर चढवायचं नाही. दोन्ही मिळून पोटाच्या आतलं अस्तर फाडतात. व्रण पडून रक्तस्राव होतो, कधी आतडं फुटतं. मधे साधारण पाच ते सात दिवसांची मोकळी जागा ठेवतात. म्हाताऱ्या लॅब्रेडॉरला हाडांचे डॉक्टर एक, त्वचेचे डॉक्टर दुसरं देतात आणि दोघांना एकमेकांची चिठ्ठी दिसत नाही. हा अपघात असाच होतो. घरातली माणसांची आयब्रुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक तर स्टेरॉइड नसतानाही कुत्र्याला द्यायची नाही.

५. सोबत काय न्यायचं

- गेल्या वर्षभराच्या सगळ्या चिठ्ठ्या, किंवा रिकाम्या पट्ट्या आणि बाटल्यांचे फोटो. कानाच्या थेंबांसकट.
- लसीकरणाचं पुस्तक.
- जुने रक्ताचे रिपोर्ट, असतील तर.
- आजचं वजन. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे राहा, वजाबाकी करा.
- शंभर पानी वही. तीत रोज एक आकडा: खाज शून्य ते दहा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे खाणं आणि झोप सोडून खाजवणं. आकडा दररोज एकाच माणसाने द्यावा. आईचा सहा आणि मुलाचा तीन एकच असतो.
- एक लिटरची खुणा असलेली बाटली, गोळी कापायचा डबीवाला कटर, आणि मापाचा कोन.

लांबचा कोर्स ठरणार असेल तर सुरुवातीचा पाया म्हणून सीबीसी, यकृताचे एएलटी आणि एएलपी, मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन, साखर आणि लघवीची तपासणी करून ठेवा. नंतर आकडे हलले तर कशाच्या तुलनेत हलले ते कळतं.

६. चिठ्ठी वाचणं आणि मिलिग्रॅम मोजणं

‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा, ‘बीडी’ म्हणजे दोनदा, ‘आल्टरनेट डे’ म्हणजे एकाआड एक दिवस. ‘एसओएस’ म्हणजे लागलं तर. स्टेरॉइडपुढे एसओएस लिहिलेलं दिसलं तर तिथेच थांबा आणि नेमके दिवस लिहून मागा.

खाजेसाठी प्रेडनिसोलोनचा डोस दिवसाला किलोमागे ०.५ ते १ मिग्रॅच्या घरात असतो. प्रतिकारशक्तीच दाबायची असते अशा आजारांत (पेम्फिगस वगैरे) तो २ मिग्रॅपर्यंत जातो. साध्या ॲलर्जीला २ मिग्रॅ लिहिलं असेल तर कारण विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

वीस किलोच्या कुत्र्याची एक नमुन्याची चिठ्ठी बघू, १० मिग्रॅच्या गोळीत:

- पहिले ५ दिवस १ गोळी सकाळ-संध्याकाळ: १० गोळ्या
- पुढचे ७ दिवस १ गोळी सकाळी: ७ गोळ्या
- पुढचे १४ दिवस १ गोळी एकाआड एक: ७ गोळ्या
- पुढचे १४ दिवस अर्धी गोळी एकाआड एक: साडेतीन गोळ्या

एकूण साडेसत्तावीस गोळ्या, म्हणजे २७५ मिग्रॅ. आता वर्षाचा हिशोब. त्वचेचे व्हेट एक ठोकताळा वापरतात: प्रेडनिसोलोनची वर्षाची बेरीज किलोमागे साधारण ६६ मिग्रॅच्या आत ठेवायची. वीस किलोला हे १,३२० मिग्रॅ होतं, म्हणजे वरच्यासारखे चार कोर्स बसतात, पाचवा बसत नाही. ही लक्ष्मणरेषा नाही. काही कुत्र्यांना निम्म्यातच त्रास होतो. पण ऑक्टोबरात बेरीज हजारावर गेली असेल तर नवा कोर्स घेण्याऐवजी नवव्या पावलाकडे वळायची वेळ झाली, एवढं ती सांगते. बेरजेत दुसऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या वरच्या प्रमाणात बदलून धरा.

वजनाबद्दल एक गोष्ट. तुमचा लॅब अडतीस किलोचा असेल आणि असायला हवा तीस, तर डोस कोणत्या वजनावर काढला ते विचारा. चरबीच्या किलोंना औषध मोजलं की दुष्परिणाम तेवढे वाढतात.

७. पहिला आठवडा: तहान, शू, भूक, धाप

पहिल्या दोन-तीन दिवसांत पाण्याचं भांडं लवकर रिकामं व्हायला लागतं. निरोगी कुत्रा दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिली पितो. १०० मिलीच्या वर गेलं की ते जास्त. सकाळी बाटलीने मोजून भांडं भरा, रात्री उरलेलं मोजा, वहीत लिहा. वीस किलोचा कुत्रा दोन लिटर ओलांडून जात असेल तर डॉक्टरांना आकडा कळवा, नुसतं ‘खूप पितो’ नको.

शू वाढते म्हणून पाणी बंद करणं ही घातक चूक आहे. आधी मूत्रपिंडातून पाणी सुटतं, त्यापायी तहान लागते; भांडं उचललं की शू थांबत नाही, कुत्रा फक्त सुकतो. पाणी भरपूर ठेवा आणि फेऱ्या वाढवा. चौदाव्या मजल्यावरून लिफ्टने उतरेपर्यंत धीर धरणं त्याला जमणार नाही, हे गृहीत धरून दिवसाला तीनऐवजी पाच फेऱ्या, शेवटची रात्री अकरानंतर. बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये जुन्या वर्तमानपत्रांचा थर घाला. लिफ्टमध्ये शू झाली तर ओरडू नका. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधीच सांगून ठेवलं तर वाद टळतो. गोळी सकाळीच द्यायची याचं एक साधं कारण हेही की शूचा जोर दिवसा येतो.

भूक राक्षसी होते. कचऱ्याचा डबा, ओट्यावरची कणीक, मुलांचा टिफिन, सगळं धोक्यात. रोजचं खाणं तेवढंच ठेवून तीनऐवजी चार वाटण्या करा आणि वर उकडलेला दुधी, फरसबी किंवा काकडी घाला. पोळी-बिस्किटाने भूक भागवली तर सहा आठवड्यांत दोन-तीन किलो सहज चढतात. गोळी नेहमी खाण्यासोबत, उकडलेल्या अंड्याच्या तुकड्यात. तिला कडू चव असते. कापलेल्या गोळीची भुकटी जिभेवर लागली की पुढच्या वेळी अंडंही नाकारतो.

धाप लागते. मुंबईच्या मे महिन्यात धाप उकाड्याची की गोळीची हे ओळखायला, पहाटे पंख्याखाली झोपलेला असताना एका मिनिटातले श्वास मोजा. निवांत झोपेतही जीभ बाहेर काढून धापत असेल तर नोंद करा.

स्वभाव बदलू शकतो: अस्वस्थ, चिडका, ताटाजवळ गेलं की गुरगुरणारा. घरात लहान मूल असेल तर जेवणाच्या वेळी दोघांना वेगळं ठेवा.

हे पाचही त्रास डोस उतरला की उतरतात. ते दिसले म्हणून गोळी फेकून देऊ नका. फोन करा, डोस कमी करून घ्या.

८. महिने लोटल्यावर दिसणारी चिन्हं

पोट लोंबतं पण पाठ आणि मांड्या वाळतात. केस दोन्ही बाजूंनी सारखे विरळ होतात, पोटाची कातडी कागदासारखी पातळ होऊन शिरा दिसतात, काळे ठिपके येतात. हे औषधाने आलेलं कुशिंग. एखाद्या वेळी मानेमागे किंवा जांघेत खडबडीत, खड्यासारखे टणक चट्टे उठतात. त्वचेत कॅल्शियम बसतं. दिसायला जखमेसारखे आणि लाल, त्यामुळे लोक त्यांवर आणखी स्टेरॉइडचं मलम लावतात. बोट फिरवून वाळूसारखं लागलं तर मलम बंद आणि व्हेट.

लघवीचा संसर्ग मुका असतो. जळजळ, कुंथणं ही लक्षणं स्टेरॉइड दाबून टाकतं, म्हणून गोळी चालूच राहणार असेल तर दर सहा महिन्यांनी लघवीचं कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) करा.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये दोन फसवे आकडे येतात. एएलपी वाढतं, ते औषधानेच वाढतं आणि एकटं वाढलं म्हणजे यकृत गेलं असं नव्हे. थायरॉइडचा टी-४ खाली येतो. कोर्स चालू असताना तो कमी दिसला म्हणून जन्माची थायरॉइडची गोळी सुरू झालेले कुत्रे आहेत. ती तपासणी स्टेरॉइड सुटल्यानंतर करा.

पावसाळ्यात आणखी एक. दाबलेल्या प्रतिकारशक्तीचा कुत्रा तुंबलेल्या पाण्यातून चालवू नका. उंदरांच्या मुतातून येणारा लेप्टोस्पायरोसिस त्यालाही होतो. त्याची लस कोर्सच्या आधी पूर्ण असलेली बरी. घरी आल्यावर पंजे नुसते पुसू नका, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा.

९. स्टेरॉइड कमी करायला मदत करणारी औषधं

क्लोरहेक्झिडिन किंवा त्यासोबत मायकोनॅझोल असलेला शाम्पू, आठवड्यातून दोनदा. फेस अंगावर दहा मिनिटं घड्याळ लावून ठेवायचा; लगेच धुतला तर पैसे गटारात. वर्षभर पिसवा-गोचिडांची गोळी: अफॉक्सोलॅनर महिन्याला, फ्लुरालॅनर बारा आठवड्यांनी. झटके येणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत आधी विचारा.

ऑक्लासिटिनिब (अपोक्वेल) २०१३ पासून वापरात आहे. किलोमागे ०.४ ते ०.६ मिग्रॅ, पहिले चौदा दिवसांपर्यंत दोनदा, नंतर एकदा. एका दिवसात खाज उतरते, तहान-भूक वाढत नाही. महाग आहे, बारा महिन्यांखालच्या कुत्र्याला आणि गंभीर संसर्गात देत नाहीत. सायक्लोस्पोरिन (किलोमागे ५ मिग्रॅ) स्वस्त नाही आणि घाईच्या कामाचं तर नाहीच; गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, सुरुवातीला उलट्या होतात. ते सुरू करताना पहिले दोन-तीन आठवडे प्रेडनिसोलोन सोबत देऊन मग ते काढून घेणं, हा स्टेरॉइडचा अतिशय समंजस वापर.

सिट्रिझिनकडून फार अपेक्षा नको, आणि नावापुढे ‘डी’ किंवा ‘कोल्ड’ असलेली सर्दीची गोळी चुकूनही नको. तीत सुडोएफेड्रिनसारखी औषधं असू शकतात आणि ती कुत्र्याला विषारी आहेत.

१०. उतरवायचं कसं

मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसोल बनवतात. बाहेरून रोज मिळायला लागलं की त्या काम थांबवतात. दोन आठवड्यांहून जास्त चाललेली गोळी एकदम तोडली तर शरीरात कॉर्टिसोलच उरत नाही: उलट्या, थरथर, पाय लटपटणं, कोसळणं. एकाआड एक दिवस देण्यामागचं तर्कशास्त्र हेच, रिकाम्या दिवशी ग्रंथी जागी होते. डेक्सामेथासोनचा परिणाम तो रिकामा दिवस खाऊन टाकतो, म्हणून लांबच्या कोर्सला ते नको.

‘विषम तारखेला गोळी’ हा घराघरातला सोपा नियम ३१ जुलैला फसतो. दुसऱ्या दिवशी १ ऑगस्ट, तीही विषम. सलग दोन दिवस गोळी जाते. कॅलेंडरवर प्रत्येक गोळीच्या दिवशी आधीच गोल करून ठेवा आणि दिली की आत फुली मारा. घरात तिघे असतील तर कुणी दिली हा प्रश्न उरत नाही. एखादी राहिली आणि त्याच दिवशी आठवली तर द्या, दुसऱ्या दिवशी आठवली तर दुप्पट नको, डॉक्टरांना विचारून वेळापत्रक पुढे ढकला.

उतरवताना खाजेचा आकडा दोनावरून सहावर उडाला तर डोस चढवण्याआधी चिकटपट्टीची तपासणी पुन्हा. बहुतेकदा यीस्ट किंवा पू परतलेला असतो.

११. फोनवर न बोलता थेट निघायचं कधी

शी डांबरासारखी काळी, चिकट. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे कण. पोट ताठ आणि हात लावू देत नाही. गोळी सुटल्यानंतरच्या दिवसांत कोसळणं. हिरड्या पांढऱ्या. खाणं अचानक बंद. स्टेरॉइडवरचा कुत्रा ताट नाकारतो तेव्हा ते कधीच साधं नसतं. रात्रभर उघडा असलेला दवाखाना कोणता, हे आजच शोधून नंबर फ्रिजवर चिकटवा, आणि एकदा दिवसा फोन करून तो रात्री खरंच उघडा असतो का ते विचारा. निघताना गोळ्यांची पट्टी सोबत घ्या.

१२. शेवटच्या गोळीनंतर

महिनाभर वही चालू ठेवा. बायॉप्सी किंवा ॲलर्जीची त्वचेवरची चाचणी करायची असेल तर गोळ्या सुटून साधारण दोन ते चार आठवडे, डेपो इंजेक्शन असेल तर दोन महिन्यांच्या आसपास थांबावं लागतं. आधी केली तर पैसे वाया. मधे कुणी चावला आणि रेबीजचा लसक्रम सुरू झाला, तर स्टेरॉइड नुकतंच सुटलंय हे सांगा. नसबंदी, दात साफ करणं, काहीही ठरलं तरी भूल देणाऱ्या डॉक्टरांना शेवटच्या गोळीची तारीख सांगा. ती वहीच्या शेवटच्या फुलीशेजारी लिहिलेली असेलच.